मामाल म्हणजेच मावळ? 'एकच' लिहिण्याआधी



पेट, नेट, सेट यांपैकी कशाची तरी तयारी चालू असेल, तर तुमच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये एक प्रतिज्ञापत्र असण्याची शक्यता बरीच आहे. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी. एका कागदावर वडिलांचं नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. किंवा लग्नानंतर नाव बदललेलं. मग कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्याकडे जायचं. त्याच्याकडे मसुदा तयारच असतो आणि त्यात एक ठरलेला इंग्रजी शब्दप्रयोग असतो : ही दोन्ही नावं 'वन अँड द सेम पर्सन'ची आहेत.

हा कागद एकदा नीट वाचून बघा. त्यात तीन गोष्टी असतात. काय एकच आहे ते स्पष्ट लिहिलेलं असतं (व्यक्ती एकच, नावं दोन). कशावरून ते लिहिलेलं असतं (अमुक दाखला, तमुक कार्ड). आणि खाली सही असते, म्हणजे हे कोण म्हणतंय तेही कळतं. खोटं निघालं तर जबाबदार कोण, याबद्दल शंका राहत नाही.

आता इतिहासाचं कुठलंही इंग्रजी पुस्तक उघडा. 'अमुक गाव इज आयडेंटिफाइड विथ तमुक', 'हा राजा नन अदर दॅन तो राजा', 'द व्हेरी सेम व्हिलेज'. वाक्यं तशीच ठाम, पण तीन गोष्टींपैकी एखादी गायब, कधी तिन्ही. आणि आपण ती वाक्यं मराठीत आणतो तेव्हा 'म्हणजेच' लिहून मोकळे होतो. आजचा विषय हाच आहे. दोन गोष्टी एकच आहेत असं ठासून सांगणारे इंग्रजी शब्दप्रयोग नेमकं काय म्हणतात, आणि ते वापरण्याआधी काय तपासायचं. उदाहरणं सगळी मावळातली, लोणावळ्याच्या आसपासची घेतली आहेत. ही ठिकाणं पुणे-लोणावळा लोकलच्या आणि पुणे-मुंबई एक्सप्रेसच्या खिडकीतून तुम्ही पाहिलेली असतील.

आधी शब्द बघू

माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानात झालं, त्यामुळे मला पहिल्यांदा बरोबरचं चिन्ह आठवतं. हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली छापील पुस्तकात पहिल्यांदा वापरलं. त्याने दोन समांतर रेषा निवडल्या, कारण त्याच्या मते याहून जास्त समान अशा दोन गोष्टी असूच शकत नाहीत. आता गंमत बघा. त्या रेषा समान आहेत, पण त्या दोन आहेत. एक नाही. 'सारखं असणं' आणि 'एकच असणं' यातला फरक त्या चिन्हातच बसलेला आहे.

मराठीत हा फरक आपण बोलताना सहज करतो. "माझ्याकडे तुझ्यासारखाच मोबाइल आहे" आणि "माझ्याकडे तुझाच मोबाइल आहे" यातलं दुसरं वाक्य ऐकून समोरचा खिसा चाचपतो. 'सारखा' म्हटलं की वस्तू दोन. 'तोच' म्हटलं की वस्तू एक. कॉलेजमध्ये आपण जे 'सेम टू सेम' म्हणतो ते पहिल्या जातीचं, सारखेपणाचं.

इंग्रजीत मात्र 'सेम' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, आणि 'आयडेंटिकल'ही. आयडेंटिकल ट्विन्स म्हणजे हुबेहूब जुळी, पण माणसं दोन. आणि इतिहासकार जेव्हा एक गाव दुसऱ्याशी 'आयडेंटिकल' म्हणतो, तेव्हा त्याला म्हणायचं असतं की गाव एकच आहे, नावं दोन आहेत. ही गल्लत टाळण्यासाठीच इंग्रजीने जोर देणारे शब्दप्रयोग घडवले. त्यांच्या छटा अशा :

'वन अँड द सेम' म्हणजे वस्तू एकच, यात सारखेपणाला जागाच नाही. शब्दाला शब्द लावून 'एक आणि तोच' लिहू नका, मराठीत 'एकच' एवढं पुरतं.

'द व्हेरी सेम' म्हणजे 'नेमका तोच'. आधी उल्लेख आलेली गोष्ट पुन्हा समोर आली, की हा वापरतात.

'नन अदर दॅन' म्हणजे आपलं 'दुसरं तिसरं कोणी नसून'. यात माहितीपेक्षा आश्चर्य जास्त असतं. नाटकात पडदा उघडताना शोभतो, प्रबंधात जपून.

'आयडेंटिफाइड विथ' हा सगळ्यांत फसवा. हे विधान वस्तूबद्दल वाटतं, पण खरं तर ते एका कृतीबद्दल आहे. कोणीतरी, कधीतरी, कशावरून तरी ओळख पटवली. कर्मणी प्रयोगामुळे तो 'कोणीतरी' वाक्यातून नाहीसा होतो. म्हणजे प्रतिज्ञापत्र आहे, पण सही नाही.

'कॉरस्पाँड्स टू' आणि 'इक्विव्हॅलंट टू' यांचा अर्थ 'च्या जागी बसतं', 'च्या तोडीचं'. हे एकपणाचे शब्द नाहीतच. तरी भाषांतरात यांचंही 'म्हणजेच' होतं.

आता मावळात चला. एकेक उदाहरण घेऊ, पुरावा सगळ्यांत भक्कम असलेल्यापासून.

वलुरक : दगड स्वतःच सांगतो

कार्ल्याची लेणी तुम्हाला माहीत आहेत. भारतातलं सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह तिथे आहे आणि त्याच्या दाराशी एकवीरा आईचं देऊळ. एमिल सेनार या फ्रेंच अभ्यासकाने इथले शिलालेख 'एपिग्राफिया इंडिका'च्या सातव्या खंडात, १९०२-०३ च्या सुमारास, संपादित केले. त्यातल्या एका प्राकृत लेखात 'इथल्या वलुरक लेण्यांत' राहणाऱ्या भिक्षूंना दान दिल्याचं नोंदलं आहे.

'इथल्या' हा शब्द महत्त्वाचा. लेख ज्या डोंगरावर कोरला आहे, तोच डोंगर तो स्वतः दाखवतो. यापेक्षा भक्कम पुरावा स्थाननामांच्या अभ्यासात क्वचित मिळतो. कार्ल्याची लेणी आणि वलुरक लेणी 'वन अँड द सेम' आहेत असं बिनधास्त लिहा.

पण नेमकं काय एकच आहे? लेणी. कार्ले गाव नव्हे. लेणी आहेत वेहेरगावच्या हद्दीत, आणि 'वेहेर' हा शब्द 'विहार' वरून आला असं मानतात. 'वलुरक म्हणजेच कार्ले' असं लिहिलंत, की तुम्ही लेण्यांबद्दलचा पुरावा शेजारच्या गावाला नकळत देऊन टाकता. वाक्य जवळपास तेच, दावा वेगळा.

शेजारच्या बेडशाच्या लेण्यांशी तुलना करून बघा. तिथल्या एका लेखात 'मारकुड' इथे राहणाऱ्या अरण्यवासी गोभूतीचं नाव येतं. मारकुड हे बेडशाच्या डोंगराचं जुनं नाव असेल का? असू शकतं. पण कार्ल्याच्या त्या लेखासारखं 'इथल्या' असं बोट दाखवलेलं नाही. गोभूती मारकुडला राहायचा एवढंच कळतं. म्हणून कार्ल्यासाठी 'एकच' आणि बेडशासाठी 'बहुधा'. लेणी एकाच परिसरातली असली, तरी पुराव्याची ताकद वेगळी, म्हणून क्रियाविशेषणही वेगळं.

मामाल आणि मावळ : ध्वनीचा नियम

कार्ल्याच्या त्याच लेखात 'मामालाहार' हा शब्द आहे. 'आहार' म्हणजे त्या काळचा प्रशासकीय विभाग. तर मामाल नावाचा विभाग. हा मामाल म्हणजे मावळ का?

नुसतं नाव जुळतं म्हणून नाही, तर नाव नियमाने जुळतं म्हणून. प्राकृतातून मराठीत येताना दोन स्वरांमधल्या 'म'चा अनेकदा 'व' होतो. ग्राम, गाम, गाव. नाम, नाव. तसंच दोन स्वरांमधल्या 'ल'चा 'ळ' होतो. फल, फळ. जल, जळ. काल, काळ. आता 'मामाल' घ्या. पहिला 'म' शब्दाच्या सुरुवातीला आहे, तो टिकतो. दुसऱ्याचा 'व', शेवटच्या 'ल'चा 'ळ'. जे उरतं ते आजच्या 'मावळ'च्या अगदी जवळचं रूप. शिवाय लेखही मावळातच सापडतो. दोन स्वतंत्र पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात.

'मावळतीकडचा प्रदेश म्हणून मावळ' ही व्युत्पत्ती तुम्ही ऐकली असेल. ऐकायला छान आहे. पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं रूप 'मामाल' असं दगडावर कोरलेलं दिसतं, त्यामुळे ती मागाहून जुळवलेली वाटते.

इथेही प्रश्न तोच : काय एकच आहे? नाव एकच. हद्द नाही. आजचा मावळ तालुका, ज्याचं मुख्य ठिकाण वडगाव, हा प्रशासनाने आखलेला तुकडा आहे. शिवकाळातले 'बारा मावळ' सह्याद्रीच्या कुशीत यापेक्षा खूप लांबवर पसरलेले होते. आणि मामालाहाराच्या सीमा तो लेख सांगत नाही. तेव्हा 'मामाल हे मावळ या नावाचं जुनं रूप' हे विधान भक्कम आहे, आणि 'मामालाहार म्हणजेच मावळ तालुका' हे विधान चूक आहे. दोन्ही वाक्यं इंग्रजीत 'मामाल इज द सेम अ‍ॅज मावळ' या एकाच वाक्यात मावतात. म्हणून ते इंग्रजी वाक्य तसंच उचलू नका.

करजिक आणि करजक : एका गावावर दोन सत्ता

आता असं उदाहरण, जिथे एकपणावर सगळा इतिहास उभा आहे.

कार्ल्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. वलुरक लेण्यांत राहणाऱ्या, चारही दिशांच्या भिक्षुसंघाच्या निर्वाहासाठी त्याने 'करजिक' नावाचं गाव दिलं. आणि वर ज्याचा उल्लेख केला तो दुसरा लेख, 'मामालाहार'वाला, ही एक राजाज्ञा आहे. तीत मामालाहारातलं, उत्तरेच्या मार्गावरचं 'करजक' गाव वलुरक लेण्यांतल्या महासांघिक भिक्षूंना दिलं आहे. राजाचं नाव लेखाच्या फुटलेल्या भागात गेलं, पण अभ्यासक ही आज्ञा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची मानतात.

करजिक आणि करजक ही दोन गावं असतील, तर आपल्याकडे दोन दानं आहेत, बस्स. दोन्ही नावं एकाच गावाची असतील, तर मात्र कथा बदलते. दिलेलंच गाव पुन्हा का द्यायचं? कारण मधे सत्ता बदलली. जिंकणाऱ्या राजाने हरलेल्याचं दान रद्दही केलं नाही आणि तसंच चालूही ठेवलं नाही, आपल्या नावाने नव्याने दिलं. म्हणजे एका 'ि'च्या वेलांटीवर सातवाहन-क्षहरात संघर्षाचा मावळातला पुरावा टेकलेला आहे.

एकपणाचा दावा इथे पेलतो का? माझ्या मते पेलतो. ठिकाण एकच, लेणी तीच, प्राकृतात असा किरकोळ स्वरभेद नेहमीचा. शिवाय बाहेरचा आधार आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्राचा राज्यवर्ष १८ चा लेख आहे. त्यात आजवर उषवदाताच्या ताब्यात असलेलं २०० निवर्तन शेत भिक्षूंना दिल्याचं म्हटलं आहे. म्हणजे 'त्याचं ते आता माझ्या हुकमाने' ही पद्धत दुसरीकडेही दिसते. एक फरक मात्र लिहायला विसरू नका. गाव एकच असलं, तरी दान घेणारे शब्दशः एकच नाहीत : आधी चारही दिशांचा संघ, नंतर नाव घेऊन महासांघिक.

'द व्हेरी सेम' या शब्दप्रयोगाचं सगळ्यांत शुद्ध उदाहरण हवं असेल तर तेही याच राजांचं आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी १३,००० हून जास्त. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले शिक्के पुन्हा ठोकले होते. अशा नाण्यावर नहपानाचा चेहरा नव्या ठशाखालून डोकावतो. हे दोन सारखी नाणी असण्याचं प्रकरण नाही. नाणं एकच, राजे दोन. इथे कुठलाही अनुमानाचा धागा लागत नाही, वस्तू हातात आहे. करजिक-करजक हा तोच प्रकार गावाच्या बाबतीत आहे, पण तिथे हातात फक्त दोन नावं आहेत. हा फरक लक्षात ठेवा.

आणि एक मोह टाळा. कामशेतजवळ करंजगाव आहे. नकाशावर ते दिसलं की 'करजक म्हणजेच करंजगाव' असं लिहायला हात शिवशिवतो. पण करंजाचं झाड महाराष्ट्रभर आहे, आणि त्यासारखी नावंही : साताऱ्याजवळ करंजे, उरणजवळ करंजा, वाशीम जिल्ह्यात कारंजा. जवळ असणं हा करंजगावच्या बाजूचा मुद्दा आहे, पण तेवढ्यावर खटला जिंकता येत नाही. 'शक्यता आहे' इथेच थांबा.

इष्टूर फाकडा : दोन भाषांतल्या नोंदी

सतराशे वर्षं पुढे येऊ, पण ठिकाण तेच. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात मुंबईहून निघालेली इंग्रज फौज बोरघाट चढून मावळात आली, तळेगावपर्यंत पोहोचली, माघारी फिरताना वडगावला कोंडीत सापडली आणि जानेवारी १७७९ मध्ये तिला वडगावचा तह करावा लागला. या मोहिमेत कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्टुअर्ट मारला गेला, असं इंग्रजी नोंदी सांगतात. मराठी परंपरा सांगते की 'इष्टूर फाकडा' पडला.

हे दोघे एकच कसे? आधी नाव. मराठी जिभेला शब्दारंभीचं 'स्क', 'स्ट' जड जातं, म्हणून आधी 'इ' येतो. स्कूलचं इस्कूल, स्टेशनचं इष्टेशन, तसं स्टुअर्टचं इष्टूर. 'फाकडा' म्हणजे शूर, ऐटबाज. पण हे नाव नसून बिरूद आहे. मानाजी शिंदे यांनाही फाकडे म्हणत. तेव्हा 'फाकडा' या शब्दाने ओळख पटत नाही. ओळख पटते ती मोहीम, जागा, वेळ आणि मृत्यू या चार गोष्टी दोन्ही बाजूंच्या नोंदींत जुळल्याने. आणि या दोन बाजू एकमेकींच्या शत्रू होत्या, एकमेकींच्या नकला करत नव्हत्या. साक्षीदार जितके स्वतंत्र, तितका 'एकच' हा शब्द स्वस्त न होता टिकतो.

नहपान आणि तो ग्रीक नावाचा राजा : साखळी कुठे तुटते

आता थोडं कठीण उदाहरण, कारण संशोधनात तुम्हाला बहुतेक वेळा असंच मिळणार आहे.

'पेरिप्लस' या नावाने ओळखलं जाणारं एक ग्रीक प्रवासी-व्यापारी मार्गदर्शक पुस्तक आहे, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचं. त्यात भडोचच्या बाजूच्या प्रदेशाच्या राजाचं नाव येतं. विल्फ्रेड शॉफने १९१२ च्या इंग्रजी भाषांतरात ते 'नॅम्बॅनस' असं दिलं. लायोनेल कॅसनच्या १९८९ च्या आवृत्तीत ते 'मॅन्बॅनोस' आहे. हा राजा आणि आपला नहपान एकच, असा दावा आहे.

या दाव्याला कार्ल्यात काय महत्त्व? बघा. उषवदाताच्या नाशिकच्या लेखांत ४१, ४२, ४५ अशी वर्षं आहेत आणि जुन्नरच्या एका लेखात नहपानाचं ४६ वं वर्ष. पूर्वी अनेकांनी ही शक संवताची वर्षं धरली. शक संवत इसवी सन ७८ चा, म्हणजे ४६ वं वर्ष इसवी सन १२४ च्या सुमारास येतं. पण नहपान आणि पेरिप्लसमधला राजा एकच असतील, तर नहपान पहिल्या शतकाच्या मध्याला राज्य करत होता, आणि ती वर्षं शक संवताची असूच शकत नाहीत. आज बरेच अभ्यासक याच बाजूला आहेत.

फरक किती? पन्नास वर्षांहून जास्त. उषवदाताचा लेख कोरला तेव्हा कार्ल्याची ती भिंत तयार होती, हे उघड आहे. म्हणजे चैत्यगृह निदान किती जुनं, याचं उत्तर या एका 'एकच'वर पिढी-दोन पिढ्यांनी सरकतं. आणि तुम्ही प्रबंधात 'नॅम्बॅनस, नन अदर दॅन नहपान' असं अर्ध्या ओळीत लिहून पुढे गेलात, तर ही सगळी साखळी वाचकाला दिसतच नाही. वाक्य ठाम आहे, पण भार सगळा अदृश्य.

म्हणून एक चाचणी सुचवावीशी वाटते. प्रयोगशाळेत आपण एक चल बदलून बाकी काय हलतं ते बघतो ना, तसंच. 'हे दोघे एकच नाहीत' असं क्षणभर धरा आणि विचारा, माझ्या प्रकरणातलं काय काय कोसळेल? काहीच कोसळणार नसेल, तर ते विधान तळटीपेत टाका. अर्धं प्रकरण कोसळणार असेल, तर त्या विधानाला स्वतंत्र परिच्छेद द्या.

धेनुकाकट : उत्तर नसलेला प्रश्न

शेवटचं उदाहरण अजून उघडं आहे. कार्ल्याच्या खांबांवर ज्यांनी दानं दिली त्यांतले बरेच जण 'धेनुकाकट' या गावचे. काही स्वतःला यवन म्हणवतात. हे धेनुकाकट कुठे होतं? काहींनी ते आंध्रातलं धान्यकटक, म्हणजे अमरावतीजवळचं धरणीकोट, मानलं. गणितज्ञ दा. ध. कोसंबी पुण्यात राहायचे आणि हा सगळा परिसर त्यांनी पायी तुडवला होता. १९५० च्या दशकात त्यांनी धेनुकाकटावर लेख लिहिला. त्यांचा कल कार्ल्याच्या जवळपासच्या जागेकडे होता.

दोन्ही बाजूंनी काय आहे ते बघा. धान्यकटकाच्या बाजूने नावातलं साम्य. जवळच्या जागेच्या बाजूने दुसऱ्या प्रकारचा पुरावा : तळेगावजवळच्या शेलारवाडी लेण्यातल्या लेखात धेनुकाकटच्या एका नांगरधारी कुणब्याच्या बायकोचं दान आहे. व्यापारी लांबून येतो, हे समजतं. शेतकरी कुटुंब शेकडो मैल लांबून येऊन मावळात लेण्याला दान देईल का? अशक्य नाही, पण विचार करायला लावणारं आहे.

इथे 'आयडेंटिफाइड विथ' लिहिणं म्हणजे वाद मिटवल्याचं नाटक करणं. मराठीत यासाठी सरळ रचना आहे, ती वापरा : 'अमुक यांच्या मते धेनुकाकट म्हणजे अमुक, तमुक यांच्या मते तमुक.' सही परत आली.

तुमच्या कामासाठी

एक साधी व्यावहारिक गोष्ट. अभिलेखागारात किंवा ऑनलाइन शोधताना रूपं एकत्र करा. कार्ले, कार्ला, कार्ली ही एकाच ठिकाणाची रूपं आहेत. लोणावळा, लोणावळे, लोणावली आणि रेल्वेच्या जुन्या इंग्रजी कागदांतलं 'लानोली'ही. आपल्याला हा फरक जाणवत नाही, कारण बोलताना आपण 'कार्ल्याला', 'लोणावळ्याला' म्हणतो, आणि सामान्यरूपात 'कार्ला'-'कार्ले' हा भेद पुसला जातो. संगणकाला सामान्यरूप कळत नाही. त्याच्यासाठी प्रत्येक स्पेलिंग म्हणजे वेगळं गाव. एक रूप शोधून 'संदर्भ सापडले नाहीत' लिहू नका.

आणि लेखनासाठी तीन प्रश्न, कागदावर लिहून टेबलासमोर लावता येतील असे :

१. काय एकच आहे? नाव, जागा, हद्द, वस्तू की व्यक्ती?

२. कशावरून? जागेवरचा लेख, ध्वनीचा नियम, स्वतंत्र साक्षी, की नुसतं कानाला जुळणारं नाव?

३. कोण म्हणतंय? आणि तुम्ही त्यावर सही करायला तयार आहात का?

तिन्हींची उत्तरं असतील तर 'म्हणजेच' लिहा. दोनच असतील तर 'म्हणजे बहुधा'. एकच असेल तर 'असं सुचवलं गेलं आहे', आणि सुचवणाऱ्याचं नाव लिहा. मराठीतला 'च' हा एका अक्षराचा प्रत्यय आहे. तो लावायला काहीच कष्ट पडत नाहीत, आणि म्हणूनच परीक्षक तोंडी परीक्षेत नेमकं त्याच्यावर बोट ठेवतात.

आज एवढं करून बघा. तुमच्या संशोधन आराखड्याची फाइल उघडा आणि 'म्हणजेच', 'हाच', 'एकच' हे शब्द शोधा. जेवढे सापडतील त्या प्रत्येकाला हे तीन प्रश्न विचारा. किती 'च' काढावे लागले ते मोजा. जे उरतील ते तुमचे. त्यांच्यावर निर्धास्त उभे राहा.